स्कॅन सगळेच करतात, खातं कोण उघडून बघतं?

मागच्या अंकात तरुण मुलं आणि मोबाइल बँकिंग या विषयावर प्रश्न मागवले होते. पत्रं अपेक्षेपेक्षा जास्त आली, आणि निम्मी मुलांची नसून आईवडिलांची, आजोबांची, दुकानदारांची आहेत. मी १९८५ ते २०१९ बँकेत होते. शेवटची अकरा वर्षं सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाखेत गेली. तिथे एकाच रांगेत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू यायची. त्या काउंटरवर जे पाहिलं त्याच्या आधारावर उत्तरं देते आहे. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, मी एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. 'तरुणांची मोबाइल बँकिंग स्वीकारण्याची तयारी' हा माझा प्रकल्प. कॉलेजात आणि हॉस्टेलवर फिरून १०० प्रश्नावल्या भरून घेतल्या. 'तुम्ही मोबाइल बँकिंग वापरता का?' याला जवळजवळ सगळ्यांनी 'हो' लिहिलंय. गाईड म्हणतात, यातून निष्कर्ष काय काढणार? सगळं काम परत करायचं का?
(विद्यार्थी, जुळे सोलापूर)

उत्तर : प्रश्नावल्या फेकू नकोस. पण गाईडचं म्हणणं बरोबर आहे. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं आणि ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात त्यावरच्या व्यवहारांची संख्या २००० कोटींच्या वर गेली. अशा देशात विशीतल्या मुलाला 'वापरता का' विचारलं तर तो 'हो'च म्हणणार. तुझ्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. चहाचे पैसे स्कॅन करून देणं ही एक. आपलं खातं स्वतः सांभाळणं ही दुसरी. पहिली मुलांना आली आहे, फार झपाट्याने आली आहे. दुसरी आलीय का, हे तुझ्या शंभर कागदांत कुठेच दिसत नाही.

गेल्या महिन्यात भाच्याला भेटायला केगावला विद्यापीठाकडे गेले होते. बाहेर चहाच्या टपरीवर त्याचे मित्रमैत्रिणी जमले होते, सहा जण. पैसे एकाने दिले आणि बाकीच्यांनी त्याला आपापला वाटा पाठवला. कप खाली ठेवायच्या आत हिशोब मिटला, मला फार कौतुक वाटलं. मग मी म्हटलं, आता आपापल्या बँकेचं ॲप उघडा बरं. ज्यावरून पैसे पाठवता ते नाही, बँकेचं स्वतःचं. दोघांकडे ते नव्हतंच. एकाला पासवर्ड आठवेना. तिघांनी उघडलं. त्यांना विचारलं, खात्याला नॉमिनी कोण लावलाय, म्हणजे तुमच्यामागे बँकेने पैसे कुणाच्या हातात द्यायचे? एकालाही सांगता आलं नाही. एका मुलीने तिथेच शोधलं, तर नॉमिनीची जागा कोरी. आईचं नाव घालू की वडिलांचं यावर ती क्षणभर अडखळली, मग आईचं घातलं, जन्मतारखेसाठी घरी फोन लावला. पलीकडून आई घाबरून विचारत होती, 'का गं, काय झालं?' तेवढ्यात तिचा चहा गार झाला. त्या दहा मिनिटांत त्या मुलीने बँकिंग केलं. बाकी वर्षभर ती पैसे देत होती.

तुमच्या अभ्यासक्रमात फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ चं प्रतिमान असेलच : माणूस नवं तंत्र घेतो तेव्हा ते उपयोगाचं वाटतं का आणि सोपं वाटतं का, या दोन गोष्टी बघतो. स्कॅन करण्याला ते चपखल लागू पडतं. सुट्ट्या पैशांची कटकट गेली हा उपयोग, आणि चार-सहा आकड्यांचा पिन टाकला की झालं हे सोपेपण. पण सोलापुरात मला तिसरी गोष्ट जास्त दिसते. पैसे अडकले तर कुणाकडे जायचं हे मुलाला माहीत आहे का? ज्याला माहीत आहे तो पाच हजारही बिनधास्त पाठवतो. ज्याला माहीत नाही तो दोनशे पाठवतो आणि फी भरायची वेळ आली की वडिलांना बँकेच्या रांगेत उभं करतो. तयारी मोजायची तर रकमेवर मोज. 'आजवर मोबाइलवरून एकदम दिलेली सगळ्यात मोठी रक्कम किती, आणि ती पाठवताना शेजारी कोण होतं?' एवढा एक प्रश्न विचार. शेवटचं स्टेटमेंट कधी पाहिलं हेही विचार. व्यवहार अडकला होता का, अडकला तर काय केलं, हे त्यांना स्वतःच्या शब्दांत लिहू दे. शंभर परत भरून घेऊ नकोस, त्याच शंभरातल्या वीस जणांशी बसून बोल.

आणखी एक गोष्ट सुचवते, कारण ती कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या तेव्हा आमच्या शाखेबाहेरची रांग सकाळी सात वाजताच वळणापर्यंत गेलेली असायची. सुरुवातीला एका माणसाला ४००० रुपयेच बदलून मिळत. बायका लेकरांना कडेवर नाहीतर हाताला धरून उभ्या असायच्या. त्या रांगेतली पोरं आता तुझ्या कॉलेजात आहेत. त्यांना विचार, ती रांग आठवते का. ज्यांना आठवते त्यांचं आणि ज्यांना आठवत नाही त्यांचं पैशाशी वागणं वेगळं निघालं, तर तुझ्या प्रकल्पाला कुणी 'यात काय निष्कर्ष' म्हणणार नाही.

प्रश्न : अक्का, माझी आई विड्या वळते. मजुरी आठवड्याला खात्यात जमा होते. मी बी.कॉम.ला आहे. आईच्या खात्याला माझाच नंबर दिलाय, त्यामुळे ॲप माझ्या फोनवर आहे. लाइटबिल, गॅस सगळं मी त्यावरून भरू शकते. तरी आई मजुरी आली की रिक्षाने बँकेत जाते आणि शंभर रुपये ठेवून सगळे काढून आणते. रिक्षाचे पैसे जातात, अर्ध्या दिवसाचं काम बुडतं. तिला कसं पटवू?
(विद्यार्थिनी, कुंभारी)

उत्तर : तुझी आई माझ्या काउंटरवर आलेली असेल. नसली तरी तिच्यासारख्या शेकडो जणी आल्यात. दुधाच्या धुतलेल्या पिशवीत पासबुक, बोटांना तंबाखूचा वास, आणि नोटा हातात आल्या की काचेपुढेच उभं राहून दोनदा मोजायच्या. मागचा माणूस ओरडला तरी तिसऱ्यांदा मोजायच्या. आधी पासबुकात एंट्री मारून घ्यायच्या, छापलेला आकडा बोटाने दाखवून 'अक्का, एवढेच ना?' विचारायच्या, आणि मगच स्लिप भरायला सांगायच्या. सुपात पान-तंबाखू घेऊन हजार विड्या वळल्याशिवाय जो पैसा येत नाही, तो डोळ्यांनी बघायचा असतो. त्याला अडाणीपणा म्हणू नकोस.

आता तुला जरा कठोर बोलते. आईचं खातं, आईची मजुरी आणि नंबर तुझा, हे बरोबर नाही. बँकेचा मेसेज तुझ्याकडे येतो, ओटीपी तुझ्याकडे येतो, पिन तू घातलास. म्हणजे ज्या क्षणी तू ॲप घेतलंस त्या क्षणी आईचं खातं आईच्या हातून गेलं. तू चांगली मुलगी आहेस हे पत्रावरूनच कळतं. पण उद्या तुझं लग्न होईल, फोन हरवेल, सिम बंद पडेल. आणि आईला आतून कुठेतरी हे कळतंय, म्हणूनच ती बँकेत जाऊन पैसे हातात घेते. तिथे तिला कुणाला विचारावं लागत नाही.

म्हणून सुरुवात उलट्या बाजूने कर. आईच्या नावाचं सिम घे, साधा फोन असला तरी चालेल. तिला घेऊन शाखेत जा, मोबाइल नंबर बदलायचा फॉर्म तिच्या सहीने किंवा अंगठ्याने दे. मजुरी जमा झाली की मेसेज तिच्या फोनवर वाजला पाहिजे. इंग्रजी वाचता येत नसेल तर फक्त आकडा ओळखायला शिकव. पासबुकातला आकडा आणि फोनमधला आकडा शेजारी ठेवून चार आठवडे दाखव. या चार आठवड्यांत ॲपचं नावही काढू नकोस. साध्या फोनवर *९९# लावून शिल्लक बघता येते, ती सोय मराठीतही आहे. आणि मार्च २०२२ पासून साध्या फोनवरून पैसे पाठवायची यूपीआय १२३पे ही सोयही आहे.

मग पुढे कधीतरी तिने स्मार्टफोन घेतला आणि लाइटबिल तू भरावं असं तिलाच वाटलं, तर २०२४ पासून यूपीआय सर्कल नावाची सोय आली आहे. खातं तिचं राहतं, पिन तिचाच राहतो, आणि ती तुला मर्यादेत खर्च करायची परवानगी देते. महिन्याला जास्तीत जास्त १५००० आणि एका वेळी ५००० रुपये. किंवा प्रत्येक वेळी तुझी मागणी तिच्या फोनवर जाईल आणि तिने पिन टाकला तरच पैसे जातील, असंही ठेवता येतं. तुमच्यासाठी मला हे दुसरं बरं वाटतं. तिच्या 'हो'शिवाय एक रुपया हलत नाही हे तिने दोन-तीनदा पाहिलं की रिक्षाच्या फेऱ्या आपोआप कमी होतील. पूर्ण थांबल्या नाहीत तरी हरकत घेऊ नकोस. बँकेत तिला दोन ओळखीच्या बायका भेटतात, तेही तिचंच आहे.

प्रश्न : नवी पेठेत चादर-टॉवेलचं दुकान आहे. कामाला ठेवलेला पोरगा गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर हिरवी टिक बघतो आणि माल देऊन मोकळा होतो. मागच्या गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) गर्दीत दोन बिलं अशी गेली. पोरगा म्हणतो, नेटवर्क नव्हतं. चूक कुणाची?
(दुकानदार)

उत्तर : पोराची नाही, नियम घालून न देणाऱ्याची. गिऱ्हाइकाच्या पडद्यावर काय दिसतं याला काडीची किंमत नाही, खोटी टिक दाखवणारी ॲप मिळतात. तुमच्या स्पीकरने रक्कम सांगितली किंवा तुमच्या फोनवर जमा दिसली, तरच माल द्यायचा. पोराच्या हातात दुकानाचा एक फोन द्या, त्यात फक्त जमा दिसेल एवढीच सोय ठेवा, पैसे काढायची नाही.

दोन बिलांतलं एखादं खरंच अडकलेलं असू शकतं. गड्ड्याच्या दिवसांत होम मैदानाच्या बाजूला इतकी माणसं असतात की फोनच लागत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पोच आली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपोआप गिऱ्हाइकाला परत गेले पाहिजेत. उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले असतील तर मुदत एकाच दिवसाची. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगा, म्हणजे 'माझे तर कापले' म्हणून तो काउंटरवर भांडत बसणार नाही.

प्रश्न : मॅडम, माझ्या रूमपार्टनरच्या ओळखीचा एक जण म्हणतोय, तुझं एक जादा खातं उघडून दे, एटीएम कार्ड आणि सिम मला दे, महिन्याला पाच हजार देतो. कंपनीचे पैसे फिरवायचे आहेत, टॅक्सचा विषय आहे म्हणे. 'काय होत नाही बे' म्हणतो. आमच्या हॉस्टेलवर दोघांनी दिलंय. मला पैशांची गरज आहे. देऊ का?
(विद्यार्थी, नाव-गाव छापू नये)

उत्तर : नाही. देऊ नकोस. हे पत्र आलं त्याच रात्री मी संपादकांना फोन करून सांगितलं की याचं उत्तर अंकाची वाट न बघता आधी त्याला कळवा. तसं कळवलं आहे. इथे छापते आहे ते त्या दोघांसाठी, आणि अजून विचार करत असलेल्यांसाठी.

कंपनीला पैसे फिरवायला विद्यार्थ्याचं खातं लागत नाही. तुझं खातं ज्याला हवंय त्याच्याकडे कुणाला तरी फसवून आलेला पैसा आहे. कुठल्या तरी गावातल्या पेन्शनरला पोलिसांचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर दमदाटी केलेली असते, कुणाला शेअर बाजारातल्या दुप्पट नफ्याची आशा दाखवलेली असते. ते पैसे चोर स्वतःच्या खात्यात घेत नाही. तुझ्या खात्यात घेतो, तिथून दहा मिनिटांत आणखी चार पोरांच्या खात्यांत पाठवतो. फसलेला माणूस १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करतो, आणि शोधत शोधत पोलीस आधी पोचतात ते तुझ्या नावावर, तुझ्या आधारवर, तुझ्या फोटोवर.

नोकरीच्या शेवटच्या वर्षात असं एक प्रकरण माझ्या टेबलावर आलं. दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याचं पत्र आलं आणि आम्ही खातं गोठवलं. दुसऱ्या दिवशी मुलगा वडिलांना घेऊन आला. वडील यंत्रमागावर कामाला, पाळीवरून थेट आलेले. डोक्यात, भुवयांत कापसाची किटी तशीच. त्यांना 'फ्रीज' हा शब्द कळेना. मी सांगितलं, पैसे काढता येणार नाहीत. ते म्हणाले, 'पण त्याची स्कॉलरशिप याच खात्यात येती की.' मुलगा माझ्याकडेही बघत नव्हता आणि बापाकडेही. खातं दिल्याचं त्याला मिळालेलं एकूण भाडं होतं तीन हजार रुपये. पुढचे कित्येक महिने त्या बापाने दुसऱ्या राज्यात जाऊन जबाब देण्यासाठी पाळ्या बुडवल्या, वकिलाचे पैसे उसने घेतले. तेव्हा हे प्रकार तुरळक होते. आता शाखेतले माझे जुने सहकारी सांगतात की अशी पत्रं रोजची झाली आहेत.

हॉस्टेलवरच्या त्या दोघांना सांग, उद्या सकाळी बँकेत जा. कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय सगळं बंद करायचा लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. दिलेलं सिम कंपनीच्या दुकानात जाऊन बंद करा. खात्यात अनोळखी रक्कम पडलेली असेल तर तिला हात लावू नका, काढून 'परत' देऊ नका. तो माणूस फोन करून मागेल, धमकी देईल, तरी नाही. मग घरच्या एका मोठ्या माणसाला सोबत घेऊन सायबर पोलीस ठाण्यात स्वतः जा आणि सगळं सांगा. आपण होऊन गेलेला मुलगा आणि शोधून आणलेला मुलगा, यांच्याकडे पाहण्यात फरक पडतो.

आणि तुझी पैशांची गरज खरी आहे, ती मी बाजूला सारत नाही. कॉलेजच्या कार्यालयात कमवा आणि शिका योजनेची चौकशी कर. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कुठे अडकलाय ते बघ. तो पुष्कळदा आधार खात्याला जोडलेलं नसल्यामुळेच अडकतो. तेवढं शाखेत जाऊन जोडून घे. झटपट कर्ज देणाऱ्या कुठल्याही ॲपकडे मात्र वळू नकोस. तरीही अगदी गळ्याशी आलंच, तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त बँका-वित्तसंस्थांच्या कर्ज ॲपची यादी आहे, त्यात नाव नसलेल्याला आधार-पॅनचा फोटोसुद्धा पाठवायचा नाही.

प्रश्न : मुलगा म्हणतो बँकेचं ॲप घ्या. पण पैसे गेले तर बँक हात वर करते असं ऐकतो. खरं आहे का?
(निवृत्त शिक्षक, रेल्वे लाइन्स)

उत्तर : अर्धं खरं आहे, सर. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणी घुसून पैसे काढले, आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काही बोजा नाही. पण पिन किंवा ओटीपी तुम्हीच कुणाला सांगितला असेल, तर कळवण्याआधी गेलेले पैसे तुमचे गेले. कळवल्यानंतर गेले तर बँकेचे. म्हणजे सगळं वेळेवर येऊन थांबतं. १९३० हा नंबर मोबाइलमध्ये नुसता साठवू नका, देवघराशेजारी भिंतीवर लिहा, कारण तेव्हा मोबाइलच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. बँकेने ३० दिवसांत तक्रारीचं समाधान केलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. आणि ॲप घ्या. पेन्शनच्या खात्यात रोज डोकावणाऱ्या माणसाला चोरी त्याच दिवशी कळते. महिन्याने पासबुक भरणाऱ्याला महिन्याने.

प्रश्न : नात ११ वर्षांची आहे. पैसे साठवायची तिला फार हौस. तिच्या नावाने खातं उघडून तिलाच चालवू देता येईल का, की वडिलांचं नाव लागेलच?
(आजी, सात रस्ता)

उत्तर : येईल. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना स्वतः बचत खातं उघडून स्वतः चालवता येतं, एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे पुन्हा स्पष्ट केलं आहे. किती रकमेपर्यंत आणि कार्ड-ॲप द्यायचं की नाही हे प्रत्येक बँक आपल्या धोरणाने ठरवते, म्हणून दोन-तीन शाखांत विचारून घ्या. खात्यात असतील तेवढेच पैसे काढता येतात, उणे होत नाही. तिला पहिलं वर्षभर ॲप नको, पासबुक द्या. एंट्री मारायच्या मशीनमध्ये पासबुक तिनेच घालायचं आणि घरी येऊन प्रत्येक ओळ तुम्हाला वाचून दाखवायची. फॉर्मवर सही तिचीच लागेल, तर आठवडाभर वहीत एकसारखी सही गिरवून घ्या. जाताना तिचं आधार, जन्मदाखला आणि फोटो न्या. सोमवारी आणि पगाराच्या आठवड्यात फार गर्दी असते. महिन्याच्या मध्यावर बुधवार-गुरुवारी, अकरानंतर जा, म्हणजे काउंटरवरच्या माणसाला तिच्याशी दोन शब्द बोलायला वेळ मिळेल.